दारे-खिडक्यांच्या जाळ्या व त्यांची निगा

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला वाऱ्याची किंमत सांगावी लागत नाही. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुपारी लू वाहते, संध्याकाळी धुळीचे वादळ उठते आणि रात्री भिंती तापलेल्या तव्यासारख्या उष्णता सोडत राहतात. अशा वेळी खिडकी बंद करून झोपणे माणसाला शक्य नाही. खिडकी उघडी ठेवावी, तर डास आत येतात. पुढे पावसाळा लागला की डासांच्या जोडीला माश्या, पाकोळ्या आणि दिव्यावर झेपावणारे किडे येतात. वारा आत यावा आणि कीटक बाहेर राहावेत, एवढ्याचसाठी दारे-खिडक्यांना बारीक तारेची जाळी लावतात.

आता जाळी ही काही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. लष्कर-मुरारच्या वस्तीत ती बहुतेक घरांत दिसते. डबरा-भितरवारकडच्या शेतावरच्या घरांतही ती पोहोचली आहे. पण घरभेटीस जाताना आमच्या एक गोष्ट वारंवार नजरेस येते. जाळीचे दार आहे, परंतु ते विटेचा टेकू देऊन सताड उघडे ठेवलेले आहे. खिडकीची जाळीची झडप दोरीने मागे बांधलेली आहे. कारण विचारले तर घरची माउली सांगते, "फादर, जाळी लावली की आत वाराच येत नाही हो, जीव घुसमटतो."

तिचे म्हणणे अगदी खरे आहे. दोष मात्र जाळीचा नाही, जाळीवर साचलेल्या मळाचा आहे. फाटलेल्या जाळीतून डास आत येतो हे सर्वांना कळते. मळलेल्या जाळीमुळेही तो तितकाच आत येतो, हे सहसा लक्षात येत नाही. मळलेली जाळी वारा अडवते, वारा अडला की माणूस ती उघडतो, आणि ती उघडली की डासाला मोकळी वाट मिळते. म्हणून जाळी धुणे हे केवळ टापटिपीचे काम नव्हे. ते घरातल्या लहान मुलांना हिवताप-डेंग्यूपासून राखण्याचे काम आहे. प्रस्तुत लेखात ते कसे करावे हे आम्ही सविस्तर सांगणार आहोत.

जाळीने काय साधते?

जाळीची कल्पना आपल्या गावाला नवी नाही. हजिरा भागात मुहम्मद गौस यांची सोळाव्या शतकातली कबर आहे. तिच्या चहूबाजूंच्या दगडी जाळ्या पाहायला दूरदूरचे लोक येतात. ऊन बाहेर ठेवून वारा आत घेण्याची ती जुनी युक्ती. मात्र त्या दगडी जाळीतून डासच काय, चिमणीसुद्धा आत येईल. डासाला अडवणारी बारीक तारेची जाळी रोगनिवारणासाठी वापरात आली ती फार पुढे, आणि तिचे मोल जगाला पटले ते इटलीत.

हिवतापाला इंग्रजीत मलेरिया म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतला असून त्याचा अर्थ 'वाईट हवा' असा आहे. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो, असे शतकानुशतके लोक मानत. रोमजवळच्या त्रे फोंताने मठातील त्रापिस्ट संन्याशांनी १८६८ पासून मठाच्या परिसरात निलगिरीची झाडे लावली, ती हवा शुद्ध व्हावी आणि ताप हटावा म्हणून. त्यांचे कष्ट मोठे होते, परंतु त्या झाडांनी ताप काही हटला नाही. हवा वाईट म्हणून लोक रात्री खिडक्या घट्ट लावून घेत. खरा शत्रू हवेत नव्हता, तर त्या हवेतून उडत येणाऱ्या डासात होता.

हे कोडे सुटले आपल्याच देशात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० सालच्या उन्हाळ्यात, इटलीत दोन प्रयोग झाले. डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो हे दोघे ऑस्तियाजवळच्या दलदलीत एका लाकडी झोपडीत राहिले. झोपडीच्या दारे-खिडक्यांना जाळ्या होत्या. सूर्य मावळला की ते आत जात आणि उजाडल्यावर बाहेर येत. त्यांनी कोयनेल घेतले नाही. भोवतालचे लोक तापाने फणफणत असताना हे दोघे ऐन तापाच्या हंगामात धडधाकट राहिले.

दुसरा प्रयोग प्राध्यापक ग्रास्सी यांनी सालेर्नोजवळच्या कापाच्चो मैदानात केला. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत डासांपासून जपलेल्या ११२ माणसांपैकी अवघ्या ५ जणांना ताप आला. ज्यांना असे संरक्षण नव्हते अशा ४१५ जणांपैकी जवळजवळ सर्वांना तो आला. पहिल्या प्रयोगात औषधाची एक गोळीही खर्ची पडली नाही. जाळी आणि वेळेवर दार लावण्याची शिस्त, यांचे मोल दोन्ही प्रयोगांतून दिसले.

आज यात एका गोष्टीची भर घालायला हवी. हिवतापाचा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूचा डास, ज्याच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो. सकाळी आणि दुपार कलल्यावर त्याचा जोर अधिक असतो. म्हणून जाळीचे दार फक्त रात्रीच लावायचे, ही समजूत आता सोडली पाहिजे. दुपारी पाळण्यात झोपलेल्या बाळालाही जाळी हवी. डेंग्यूवर खास असे औषध नाही. ताप उतरेपर्यंत रोग्याची काळजी घेत डॉक्टरांच्या सल्ल्याने वागणे एवढेच हाती असते. तेव्हा तो डास घरात न येऊ देणे हाच शहाणपणा.

वारा का अडतो, त्याचा हिशेब

बाजारात मिळणाऱ्या डासांच्या जाळीला साधारणपणे एका इंचात एका बाजूने १६ आणि दुसऱ्या बाजूने १८ घरे असतात. तार ०.२८ मिलिमीटर जाडीची धरली, तर हिशेब असा निघतो की जाळीच्या शंभर भागांपैकी सुमारे ६६ भाग मोकळे असतात आणि ३४ भाग तारेने व्यापलेले असतात. म्हणजे नवी, स्वच्छ जाळी मुळातच वाऱ्याचा थोडा हिस्सा अडवते. ते आपण चालवून घेतो.

आता त्या तारेच्या प्रत्येक कडेवर ०.२ मिलिमीटर धूळ चढली असे समजा. एवढा थर डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण त्याने मोकळे भाग ६६ वरून सुमारे ३० वर येतात! खिडकी तेवढीच, जाळी तीच, आणि वाऱ्याची निम्म्याहून अधिक वाट बुजलेली. जीव घुसमटतो म्हणणारी माउली हाच हिशेब आपल्या अंगावर अनुभवत असते.

आपल्या भागात ही धूळ येते कुठून? एक तर चंबळकडच्या घळींची भुसभुशीत माती, जी उन्हाळ्यातल्या प्रत्येक वादळात गावावर येऊन बसते. दुसरे म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी. थ्रेशर चालू असला की भुशाचे बारीक कण वाऱ्यावर लांबवर जातात आणि जाळीत अडकतात. तिसरे, चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ. स्वयंपाकघराच्या जाळीवर तेलकट पुट चढते, त्यावर धूळ चिकटते आणि काही महिन्यांत तिची काळी चामडी होते. चौथे कारण कोळिष्टके. कोळी जाळीच्या कोपऱ्यात घर करतो आणि त्यात मेलेले किडे साचतात.

स्वतःच्या घरची जाळी मळली आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. दिवसाउजेडी खोलीत उभे राहून जाळीतून बाहेरच्या झाडाकडे पाहावे. पाने स्पष्ट दिसली तर जाळी ठीक. झाड धुक्यात असल्यासारखे दिसले तर धुण्याची वेळ झाली.

धुण्याची रीत

जाळी धुण्याला महागडे काही लागत नाही. एक मऊ ब्रश, दोन जुने सुती फडके, एक बादली पाणी आणि थोडी साबणाची पावडर पुरे. ज्यांच्याकडे रिठे आहेत त्यांनी रिठ्याचे पाणी वापरले तरी उत्तम. क्रम मात्र पुढीलप्रमाणे पाळावा.

१. आधी कोरडी धूळ काढावी. मळलेल्या जाळीवर एकदम पाणी ओतले की धुळीचा चिखल होतो, तो घरांत घट्ट बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. मऊ ब्रशने किंवा हलक्या हाताने केरसुणीने वरून खाली झाडावे. शक्य तर आतून बाहेर झाडावे, म्हणजे धूळ खोलीत पडत नाही. नाका-तोंडावर फडके बांधावे. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

२. चौकट निघत असेल तर काढून अंगणात आणावी आणि भिंतीला तिरपी टेकवावी. जमिनीवर आडवी ठेवून घासू नये. हाताच्या दाबाने जाळी खोल जाते आणि कडेचे खिळे सुटतात. चौकटीमागे खडूने खिडकीची खूण करून ठेवावी, म्हणजे पुन्हा बसवताना घोटाळा होत नाही.

३. अर्ध्या बादली कोमट पाण्यात चमचाभर साबणाची पावडर विरघळवावी. ब्रश भिजवून जाळीवर हलके फिरवावा. आधी उभ्या तारांच्या दिशेने, मग आडव्या. जोर लावू नये. मळ भिजायला पाच मिनिटे द्यावीत, म्हणजे अर्धे काम पाणीच करते.

४. जाळी चौकटीत कायमची ठोकलेली असेल, तर हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने बाहेरून ओला जाड फडका जाळीला लावून धरावा आणि दुसऱ्याने आतून ब्रश फिरवावा. त्यामुळे जाळीला फुगा येत नाही आणि सुटलेला मळ फडक्यात उतरतो.

५. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. साबण राहिला तर तो चिकट होऊन नवी धूळ धरून ठेवतो. पाण्याच्या पाइपाचा जोरदार फवारा जाळीवर मारू नये. मोटारीच्या पंपाचा फवारा तर मुळीच नको. त्याने जाळी ताणली जाते व कडेपासून फाटते.

६. कोरड्या फडक्याने टिपून चौकट सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. लोखंडी जाळी ओली राहिली तर गंजते. वाळल्यावरच जागी बसवावी. तोपर्यंत खिडकीची कड आणि खाच ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पुष्कळदा मळाचा खरा साठा त्या खाचेतच असतो.

स्वयंपाकघराची तेलकट जाळी नुसत्या साबणाने निघत नाही. ती लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची असेल, तर अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून ते पाणी ब्रशने लावावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग धुवावे. हातात रबरी मोजे असावेत. ॲल्युमिनियमच्या जाळीला सोडा कदापि लावू नये. सोडा ॲल्युमिनियमला खातो. नायलॉनच्या जाळीला कढत पाणी चालत नाही, ती सैल पडते. या दोन्हींना कोमट साबणाचे पाणी दोन-तीनदा लावणे हाच उपाय आहे.

याच वेळी घरातले जाळीचे कपाटही विसरू नये. दूध, भाकरी, कालवण ठेवण्याचे हे कपाट माश्यांपासून अन्न राखते. गोठ्यातल्या शेणावर बसलेली माशी त्याच पायांनी अन्नावर बसते आणि लहान मुलांना जुलाब लागतात. कपाटाच्या जाळीवर अन्नाचे शिंतोडे वाळले की मुंग्या आणि झुरळे त्यावर जमतात.

भोके व फटी

जाळी धुऊन झाली की ती उजेडासमोर धरून पाहावी. भोक लहान असले तरी हलके लेखू नये. डास भिंतीवर, जाळीवर चालत-उडत फट शोधत राहतो, आणि एकदा आत आला की त्याच जाळीमुळे तो आतच अडकतो. फाटक्या जाळीच्या खोलीत रात्रभर डास पोसले जातात ते यामुळेच.

तार नुसती सरकली असेल, तर दाभणाने किंवा जाड सुईने ती जागेवर आणता येते. टाचणीएवढे भोक पडले असेल, तर नेलपॉलिशचे किंवा चिकट गोंदाचे दोन थेंब पुरतात. मोठ्या भोकाला ठिगळ लावावे. धातूच्या जाळीला ठिगळ लावण्याची एक चांगली रीत आहे. भोकापेक्षा चहूबाजूंनी एक इंच मोठा असा त्याच जातीच्या जाळीचा चौकोन कापावा. चारही कडांच्या दोन-तीन तारा उसवून काढाव्यात, म्हणजे कडेला मोकळ्या तारांची झालर राहते. ती झालर काटकोनात वाकवून मूळ जाळीतून आरपार घालावी आणि मागच्या बाजूने दुमडून टाकावी. असे ठिगळ वर्षानुवर्षे टिकते. नायलॉनच्या जाळीला त्याच जाळीचा तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने बारीक टाक्यांनी शिवावा. घरातल्या मुलींना आणि मुलांनाही हे काम जरूर शिकवावे.

जाळी धड असून दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल, तर सगळे श्रम वाया गेले. शेतकऱ्याच्या घरी सायकलची जुनी ट्यूब असतेच. तिची दोन इंच रुंद पट्टी कापून दाराच्या खालच्या कडेला अशी ठोकावी की ती उंबऱ्याला हलके घासेल. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधील फट लांबीने किंवा सिमेंटने भरावी.

जाळीचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. संध्याकाळी डास दारावर बसून वाट पाहत असतात. दार आत उघडले तर ते दारासोबत आत येतात. बाहेर उघडले तर मागे हटतात. दाराला स्प्रिंग लावावी, म्हणजे ते आपोआप मिटते. लहान मुले आणि घाईत असलेली मोठी माणसे दार लावायला विसरतात, स्प्रिंग विसरत नाही! वर्षातून दोनदा बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्यावा. कुरकुरणारे, अडकणारे दार कोणी लावीत नाही.

कूलर आणि जाळी

आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीबाहेर कूलर बसवतात. त्यासाठी पुष्कळ घरांत त्या खिडकीची जाळी काढून टाकतात आणि कूलर व चौकट यांच्यामध्ये चार बोटांची जागा तशीच उघडी राहते. काही जण तेथे वर्तमानपत्र कोंबतात, तेही दोन दिवसांत गळून पडते. ही जागा प्लायवुडची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी लावून नीट बुजवावी.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. कूलर बाहेरची ओली, गार हवा खोलीत ढकलतो. तेवढीच हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही, तर खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकट होते, आणि कूलर थंड करत नाही अशी तक्रार सुरू होते. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे लागते, आणि डासांसाठी तेथे जाळी लागतेच. ही समोरची जाळी मळलेली असेल, तर हवेला बाहेर जायला वाट उरत नाही. कूलर नीट चालत नाही म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी समोरची जाळी धुऊन पाहा. पुष्कळदा मिस्त्रीचे पैसे वाचतील.

कूलरची टाकी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते ठिकाण आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी आणि तिच्या आतल्या बाजू ब्रशने घासाव्यात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही ती कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. टाकी साफ करण्याआधी कूलरचा प्लग भिंतीतून काढावा. ओल्या हाताने चालू कूलरला हात लावल्याने प्राण गेल्याच्या घटना दर उन्हाळ्यात कानी येतात.

हंगाम संपला की कूलर कोरडा करून कापडाने झाकावा, नाहीतर त्याच्या पडद्यांतून डासांना आत यायला वाट मिळते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण घट्ट असावे. तिच्या ओसंडणाऱ्या नळीच्या तोंडाला आणि संडासाच्या टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधावा. हे दोन लहान तुकडे घरभर लावलेल्या जाळीइतकेच उपयोगी आहेत.

नवी जाळी घेताना

जाळी घेण्यापूर्वी दुकानातच फूटपट्टी लावून एका इंचात किती घरे आहेत ती मोजावीत. १६ पेक्षा कमी असतील तर ती माश्यांची जाळी आहे, डासांची नव्हे. घरे फार बारीक घेतली तर वारा कमी येतो आणि मळ लवकर बसतो. वाळूमाशी नावाचा इवलासा कीटक मात्र डासांच्या जाळीतूनही आत शिरतो. त्याचा उपद्रव असेल तेथे झोपताना बारीक विणीची मच्छरदाणी हवी.

साधी लोखंडी जाळी स्वस्त, पण कूलरच्या ओलीने लवकर गंजते. जस्ताचा मुलामा असलेली तिच्यापेक्षा टिकते. ॲल्युमिनियमची हलकी आणि न गंजणारी, पण धक्क्याने वाकते. नायलॉनची व फायबरची स्वस्त व लावायला सोपी. नायलॉन मात्र पश्चिमेच्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होते, आणि दोन्ही उंदीर-खारी कुरतडतात. धान्याच्या खोलीला म्हणून धातूचीच जाळी लावावी. स्टेनलेस स्टीलची सर्वांत महाग आणि सर्वांत टिकाऊ. सगळ्या घराला एकदम परवडत नसेल, तर आधी झोपण्याच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला चांगली जाळी लावावी, बाकी पुढच्या पिकावर.

जाळी ठोकताना खिडकी कायमची बंद होणार नाही हे पाहावे. आग लागली तर त्या वाटेने बाहेर पडता आले पाहिजे. चौकट आतून कडी काढून उघडता येईल अशीच असावी.

हे मात्र करू नये

शेतात फवारण्याचे कीटकनाशक जाळीला लावू नये. डास मरतील म्हणून कोणी हा प्रयोग करतात. ते औषध वाऱ्याबरोबर खोलीत येते, मुलांच्या हाताला लागते, त्यांच्या पोटात जाते. घरासाठी वेगळी औषधे असतात, ती आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारून वापरावीत. आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत डेपा नावाचे, अंगाला लावून डासांना दूर ठेवणारे औषध तयार झाले. पहाटे पाणी द्यायला शेतावर जाणाऱ्यांना असे औषध उपयोगी पडते. पण त्याची जागा अंगावर आहे, जाळीवर नाही.

जाळीला रॉकेल किंवा डिझेल पुसू नये. त्याने आगीचा धोका असतो, शिवाय तेलावर धूळ दुप्पट बसते. फवारणीचे कपडे जाळीच्या दारावर वाळत घालू नयेत.

थंडीत वारा येतो म्हणून काही घरांत जाळीवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवतात आणि आत शेगडी पेटवतात. हे फार धोक्याचे आहे. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. थंडीतही एका खिडकीची जाळी मोकळी राहू द्यावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी.

वर्षातून चार वेळा

ही कामे लक्षात राहावीत म्हणून आम्ही ती सणांशी जोडून देतो. पहिली धुणी ईस्टरनंतर, गव्हाची मळणी आटोपली की. त्या वेळी भुसा निघून जातो आणि कूलर लावण्यापूर्वी जाळ्या मोकळ्या होतात. दुसरी जूनअखेर, पहिला पाऊस पडून धुळीची वादळे थांबली की. याच वेळी भोके आणि फटी बुजवाव्यात, कारण पुढचे चार महिने डासांचे असतात. तिसरी सप्टेंबरमध्ये, डेंग्यूचा जोर असतो तेव्हा. चौथी नाताळच्या आधी, घर झाडता-सारवतानाच. स्वयंपाकघराची जाळी मात्र दर महिन्याला पाहावी, आणि उन्हाळ्यात मोठे वादळ येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सगळ्या जाळ्या कोरड्या ब्रशने झाडून घ्याव्यात. एका खिडकीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ज्या घरी वृद्ध माणसे एकटीच राहतात, त्यांना चौकटी काढणे-घालणे जमत नाही. आपल्या तरुण मंडळींनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर दोघा-दोघांच्या जोड्या करून अशा घरांच्या जाळ्या धुऊन द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. बादली, ब्रश आणि साबण धर्मग्रामाच्या सभागृहात ठेवलेले आहेत. नावे आमच्याकडे द्यावीत.